ओळखीची नोकरी आणि पहिलीतला प्रवेश

मुलाला पहिलीत कुठल्या माध्यमात घालायचं, यावर आपल्याकडे गेली चाळीस वर्षं वाद चालू आहे आणि तो बहुतेक वेळा भाषेच्या अभिमानाच्या नाहीतर न्यूनगंडाच्या अंगानेच होतो. इंग्रजी शाळेची वाट धरणाऱ्या पालकांना आपण दोष देतो, मराठी शाळेत राहिलेल्यांना शाबासकी देतो. या साऱ्या वादात एक पुरावा सहसा पुढे येत नाही, आणि तो तर थेट दादरचा आहे.

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांचा जात, स्त्री-पुरुष भेद आणि शाळेची निवड या विषयावरचा शोधनिबंध २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्रातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी हे एक. १९८२ ते २००१ या वीस वर्षांत दादरच्या शाळांमध्ये पहिलीत दाखल झालेली मुलंमुली निवडून त्यांच्या सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांची त्यांनी पाहणी केली. जात कोणती, वडील काय काम करतात, ते काम त्यांना कुणाच्या मदतीने मिळालं, मिळकत किती, मूल कोणत्या माध्यमात शिकलं, असे साधे प्रश्न. जात आणि श्रमबाजार यांचा अभ्यास करणारे जगभरचे विद्यार्थी हा निबंध वाचतात. ज्या घरांविषयी तो आहे, त्या घरांत तो फारसा पोचलेला नाही.

त्यात सापडलं ते असं. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला आणि मुंबईत इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांना मिळणारी जादा मिळकत वाढली. पुरुषांच्या बाबतीत ती ऐंशीच्या दशकातल्या सुमारे १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेली. स्त्रियांच्या बाबतीत जवळजवळ शून्यावरून २७ टक्क्यांवर. ही संधी कष्टकरी जातींतल्या मुलींनी भराभर उचलली. इंग्रजी शाळांत वरच्या जातींच्या मुलींमध्ये आणि त्यांच्यामध्ये असलेलं अंतर मिटत गेलं. त्याच जातींतले मुलगे मात्र मराठी शाळांकडेच जात राहिले आणि वरच्या जातींच्या मुलग्यांपासूनचं त्यांचं अंतर कायम राहिलं.

हा निष्कर्ष वाचून पुढे जाण्यासारखा नाही. इंग्रजी शाळेची फी परवडत नाही म्हणून मूल मराठी शाळेत, हे कारण आपण नेहमी ऐकतो. पण कारण केवळ फीचं असतं तर अडचणीच्या घरात आधी मुलीचा प्रवेश मागे पडला असता. ज्या समाजात दुधाचा पेला आधी मुलाच्या हाती जातो, तिथे जास्त खर्चाची शाळा मुलीच्या वाट्याला का यावी? भाषेचा अभिमान हे कारण मानलं, तर तो अभिमान मुलग्यांपुरताच कसा? आईवडील अडाणी, त्यांना काळाची पावलं कळली नाहीत, असं म्हणावं, तर त्याच आईवडिलांना मुलीच्या बाबतीत ती अचूक कळली होती. पहिलीत जाणारं मूल पाचसहा वर्षांचं असतं. त्याची हुशारी-ढिलाई अजून कुणी जोखलेली नसते. म्हणजे फरक मुलांमध्ये नव्हता. तो मोठ्यांच्या हिशेबात होता.

मुलग्याकडे गमावण्यासारखं काहीतरी होतं, असं या निबंधाचं उत्तर आहे. बापाची, काकाची, गाववाल्याची आणि जातभाईंची ओळख. त्या ओळखीने कारखान्यात, गोदीत, वर्कशॉपात, बसडेपोत चिकटता येत होतं. ही वाट मराठी शाळेतून जात होती. ज्या जातींतले जास्त पुरुष अशा कामांत होते, त्या जातींतल्या मुलग्यांना या वाटेची ओढ जास्त. मुलीसाठी अशी कुठली वाट नव्हतीच. तिच्यासाठी शब्द टाकणारा मुकादम नव्हता, म्हणून तिच्या शाळेचा विचार कोऱ्या पाटीवर झाला.

ओळखीच्या या वाटेचं वय मोठं आहे. ताडदेवला १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी काढली तेव्हापासून मुंबईच्या गिरण्यांनी माणसं भरण्याचं काम जॉबरवर, म्हणजे मुकादमावर सोपवलं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा माणूस गावच्या माणसाचा पत्ता घेऊन लालबाग-परळला उतरायचा, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा आणि सकाळी बदली कामगार म्हणून गिरणीच्या दाराशी उभा राहायचा. आत कुणाला घ्यायचं ते मुकादम ठरवी. मुकादम त्यासाठी पैसे खातो, हे कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगापुढे उघडपणे मांडलं गेलं. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की मुकादमाची सत्ता गिरणीच्या भिंतीपाशी संपत नव्हती. भाड्याची खोली, उसनवारी, दुकानातली उधारी, तालीम, गणपती, सगळीकडे त्याचा हात पोचलेला असे. गिरणगावातली वस्ती हीच श्रमबाजाराची कचेरी होती.

ही ओळख सर्वांना सारखी फळली असंही नाही. गिरणीत साच्यावरच्या विणकराची मिळकत चांगली, आणि नेमक्या त्या खात्याचं दार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होतं. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, हे कारण. त्यांना रिंग खात्यात घेत. परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. सिडनहॅम कॉलेजात त्यांनी हा विषय शिकवला होता आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये निघाला होता. जातीमुळे नुसती श्रमाची वाटणी होत नाही, श्रमिकांचीच वाटणी होते, हा मुद्दा त्यांनी १९३६ मध्ये मांडला. तो समजून घ्यायला त्यांना पुस्तकांपेक्षा खिडकीबाहेरचं परळ पुरेसं होतं, असं मला वाटतं. मुन्शी-रोझेनझ्वाइग यांनी सत्तर वर्षांनी संख्याशास्त्राने जे पकडलं, त्याचं मूळ या निरीक्षणात आहे.

तरी ओळखीच्या या जाळ्याला केवळ बेडी म्हणणं अन्यायाचं होईल. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी सिद्ध केलेला तिचा अहवाल १९२३ मध्ये आला. तिच्यात ९७ टक्के कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहत असल्याचं आढळलं आणि जवळजवळ निम्मी कर्जात होती. अशा घरात कर्ता माणूस तापाने पडला तर काय? संप सहा महिने चालला तर? म्हातारपणी? सरकारकडे उत्तर नव्हतं, मालकाकडे तर नव्हतंच. उत्तर होतं ते गाववाल्यांकडे. त्यांची खोली, त्यांची भिशी, त्यांनी दिलेले बोटीचे पैसे. हा विमा होता आणि त्याचा हप्ता पैशात भरायचा नसून नात्यात भरायचा होता. आज आपल्याला ओळखीने लावलं, उद्या आपण गावच्या पोराला लावायचं. याच दोघा अभ्यासकांनी २०१६ मध्ये भारतातल्या खेड्यांविषयी दाखवलं की शहरात जास्त मजुरी असूनही पुरुष गाव सोडत नाहीत, कारण जातीच्या जाळ्यातून मिळणारा अडीनडीचा आधार सुटण्याची भीती असते. दादरचा मुलगा आणि गावातला तो पुरुष एकाच हिशेबाने अडलेले आहेत.

आता तारखा पाहा. ज्या १९८२ सालच्या पहिलीपासून दादरची पाहणी सुरू होते, त्याच वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांचं परतणं कधी झालंच नाही. त्या जूनमध्ये दादर-परळ भागातल्या किती पोरांनी बाप संपावर असताना शाळेची पायरी चढली असेल! गिरणी गेली, मग ओळखीचा उपयोग काय उरला? तरीही पुढची वीस वर्षं मुलग्यांना त्याच वाटेने का पाठवलं गेलं?

निबंधाचं म्हणणं असं, की एखादं जाळं सोडून जाणाऱ्याचा तोटा एकट्याचा नसतो. जाणारा माणूस उरलेल्यांना शब्द टाकायला उपलब्ध राहत नाही, म्हणून जाळं आपल्या माणसांना धरून ठेवतं, आणि एके काळी सर्वांच्या भल्याची असलेली रीत काळ बदलल्यावर सर्वांच्या तोट्याची होते. हे मला पटतं. पण गिरणगावच्या इतिहासात आणखी एक साधं कारण दिसतं. संपानंतर घर तगलं ते ओळखीवरच. कायद्याने मिळालेली सुरक्षितता नोकरीला बांधलेली होती. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय कामगार विमा योजनेचं. नोकरी गेली की काही काळाने त्या उपचारांवरचा हक्कही जातो. बेकारीत चूल पेटती ठेवील असा भत्ता नव्हता. ज्या काळात प्रत्येक सरकारी आधार एकामागून एक निसटत होता, त्या काळात उरलेला एकमेव आधार सोडून पोराला अनोळखी रस्त्यावर पाठवायचं धाडस बापाने केलं नाही. यात मागासलेपण कुठे आहे? मी त्या बापाच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

माझा या निबंधाशी मतभेद आहे तो मुलींच्या बाबतीत. श्रमबाजारात बायका पूर्वापार कमी होत्या, म्हणून त्यांचं जाळं नव्हतं, असं तो गृहीत धरतो. दादर-परळच्या बायकांसाठी हे ‘पूर्वापार’ खरं नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंगच्या खात्यांत त्या काम करत आणि त्यांच्यावर मुकादमासारखीच नायकीण असे. नायकीण आपल्या नात्यागोत्यातल्या, शेजारच्या बायांना कामाला लावी. म्हणजे ओळखीचं जाळं बायकांकडेही होतं. यांत्रिकीकरण, पुरुषांना आधी काम हा आग्रह, रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाच्या रजेचा खर्च नको असलेले मालक, अशा अनेक कारणांनी पुढच्या दशकांत बायका गिरणीबाहेर गेल्या. संघटनांनी त्यांच्यासाठी पुरुषांइतका जोर लावला नाही. सत्तरच्या दशकापर्यंत त्यांचं प्रमाण अगदी नगण्य झालं.

आणि गिरणीबाहेर गेलेल्या बायका बिनकामाच्या झाल्या नव्हत्या. एकट्या राहणाऱ्या कामगारांना त्या खानावळीतून जेवण घालत. दोन वेळच्या डब्यांवर गिरणगावाची पाळी चालत होती. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते या खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देणं हे मंडळाचं पहिलं काम. संपाच्या काळात कित्येक घरं बायकांच्या या कमाईवर उभी होती. गणतीत मात्र त्या ‘घरकाम’ या सदरात. तेव्हा नव्वदच्या दशकात कष्टकरी घरातल्या मुलीची पाटी कोरी होती हे खरं, पण ती दोनदा पुसली गेली होती. एकदा तिच्या पणजीला गिरणीतून काढलं तेव्हा, आणि पुन्हा तिच्या आईच्या कामाला काम म्हटलं नाही तेव्हा. मुलीला मिळालेलं शाळेचं स्वातंत्र्य हे मागच्या दोन पिढ्यांच्या वंचनेतून आलं, हे लिहिल्याशिवाय दादरची गोष्ट पुरी होत नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. स्त्रियांचा रोजगार सरळ चढत जात नाही, तो आधी खाली येतो आणि मग वर चढतो, हे त्यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं. गिरणगावात खाली येणं आपण पाहिलं. वर चढणं पुरतं झालं का, हा प्रश्न उरतो.

कारण शाळा म्हणजे नोकरी नव्हे, आणि नोकरी म्हणजे मोकळीक नव्हे. २०१९ च्या देशव्यापी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च होत असल्याचं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. इंग्रजी शाळेतून बाहेर पडलेली परळची मुलगी लोअर परळच्या कचेरीतून किंवा दुकानातून परतते तेव्हा स्वयंपाकघर तिची वाट पाहत असतं.

लोअर परळचं नाव निघालं म्हणून गिरण्यांच्या जमिनीबद्दल थोडं. अठ्ठावन्न गिरण्या, सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत या जमिनीचे मालक, महापालिका आणि म्हाडा असे साधारण तीन वाटे होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत सात हजारांहून कमी घरं होती. माझ्या विषयाशी याचा संबंध एवढाच, की त्या जमिनीवर नवं काम उभं राहिलं त्याच्या दारात गाववाल्याची ओळख चालत नव्हती. तिथे इंग्रजी बोलणारा माणूस हवा होता. ओळख चालली ती फाटकावर, सुरक्षारक्षकाच्या, ड्रायव्हरच्या, साफसफाईच्या कामाला. ती माणसं कंत्राटदार भरतो, आणि कंत्राटदाराचा माणूस म्हणजे नव्या गणवेशातला मुकादमच.

ओळखीचा सर्वांत कडक पाश मात्र खासगी बाजारात नाही, सरकारी व्यवस्थेत आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला की त्याच्या वारसाला त्याच कामावर घेतलं जातं. दादरच्या कासारवाडीसारख्या वसाहतींत महापालिकेची खोली या नोकरीशी जोडलेली आहे. घरात कुणी झाडू हाती घेतला नाही तर डोक्यावरचं छप्पर जाण्याची भीती. शिकलेली, पदवी मिळवलेली मुलंसुद्धा खोली टिकवण्यासाठी बापाच्या जागी उभी राहतात. ही तरतूद दलित कुटुंबांना आधार म्हणून आली आणि ती काढून घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. पर्याय न देता काढून घेणं हा गुन्हा होईल. पण नोकरी, घर आणि जात एका गाठीत बांधून ठेवायची आणि मग हा समाज पुढे का येत नाही म्हणून विचारायचं, हे थांबलं पाहिजे. घराचा हक्क नोकरीपासून सोडवा. तीस-पस्तीस वर्षं शहर साफ ठेवणाऱ्या माणसाचं घर त्याचं व्हावं, मुलाने कोणतं काम करावं हे मुलाने ठरवावं.

दादरच्या संशोधनातून धोरणाचा जो धडा मला दिसतो तो हाच. पालकांना उपदेश करून काही होणार नाही. ज्या आधारासाठी ते जाळ्याला धरून राहतात, तो आधार जाळ्याबाहेर मिळाला पाहिजे. नोकरी सुटली तरी न सुटणारा आरोग्य विमा, कंत्राटी भरतीतही जाहीर झालेली पदं आणि पगार, मुलग्यांसाठी बापाच्या धंद्याबाहेरच्या उमेदवारीच्या जागा. हे मिळालं तर मुलगाही बहिणीसारखा मोकळेपणाने शाळा निवडील.

आणि मराठी शाळेचा प्रश्न? मराठी माध्यमात मुळातच काही उणं आहे असं हा निबंध सिद्ध करत नाही, आणि कुणी तसा अर्थ काढू नये. दादासाहेब रेग्यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या बालमोहनसारख्या शाळांनी काय घडवलं ते दादरला ठाऊक आहे. पाहणी सांगते ते बाजाराने इंग्रजीला लावलेल्या किमतीबद्दल. म्हणून इंग्रजीचं कौशल्य आणि शिकण्याचं माध्यम यांची फारकत करणं हा मराठी शाळा वाचवण्याचा खरा मार्ग होता. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, तेव्हा त्यावर खूप टीका झाली. माझ्या मते निर्णय योग्य होता. कारण त्यामुळे सहाव्या वर्षी केलेली माध्यमाची निवड हा जन्मभराचा निकाल राहत नाही. ज्या वेगाने निर्णय झाला त्या वेगाने शिक्षक तयार झाले नाहीत, ही त्याची खरी हार आहे, आणि ती अजूनही भरून काढता येईल.

१९८२ मध्ये पहिलीत बसलेली मुलं आज पन्नाशीला आली आहेत, २००१ मधली तिशीत. इंग्रजी शाळेत गेलेल्या त्या मुलींनी पुढे नोकरी केली का, लग्नानंतर टिकवली का, त्यांची मुलं कुठे शिकतात; मराठी शाळेत गेलेल्या मुलग्यांना बापाच्या ओळखीने खरोखर काही मिळालं का, की ती ओळख त्यांच्या हाती येईपर्यंत निरुपयोगी झाली होती? हे शोधायला आपल्याच शहरात मुंबई विद्यापीठ आहे, टाटा समाजविज्ञान संस्था आहे. अशा पाहणीचा पहिला आधार म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. ते कायम जपायचं दप्तर आहे. पण गिरगावपासून परळपर्यंत मराठी शाळांचे वर्ग बंद होत आहेत, इमारती पाडल्या जात आहेत, आणि अशा स्थलांतरात कागद आधी जातात. म्हणून या भागातल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: आपल्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, १९८२ पासूनची रजिस्टरं कुठे आणि कशा अवस्थेत आहेत ते पाहा, त्यांच्या प्रती करून सुरक्षित ठेवण्याचा खर्च आपल्या माजी विद्यार्थी संघातर्फे उचला. आणि पुढची पाहणी करायला जो कोणी अभ्यासक येईल, त्याच्याकडून तिचा अहवाल मराठीत मागून घ्या.